चव्वेचाळीस किलोमीटर आणि चोवीस लिटरची टाकी

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार, दुपारचे पावणेचार. उजनीच्या पाण्यात, काठापासून दीडेक किलोमीटरवर, आमच्या बोटीच्या इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. दादाने टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बोलायला काही उरलंच नव्हतं. बोटीत आम्ही पाच जण होतो, त्यातले दोघे पाहुणे, पहिल्यांदाच बोटीत बसलेले. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात होती. तरी त्याच वर्षीच्या मे महिन्यात कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळात बोट बुडून सहा जण गेले होते, ते आठवल्याशिवाय राहिलं नाही. ते ह्याच पाण्यात घडलं होतं.

आम्हाला तात्यांच्या, म्हणजे ज्यांच्या शेताच्या कडेला आमची बोट असते त्यांच्या, पुतण्याने काठाला आणलं. त्याची पत्र्याची होडी, दोन वल्ही आणि मागे दोरीने बांधलेली आमची चाळीस हॉर्सपॉवरची बोट. एक तास वीस मिनिटं तो वल्हवत होता. त्याने पैसे घेतले नाहीत. त्या रात्री पुण्याला परत येताना गाडीत दादा आणि मी एकच हिशोब पुन्हा पुन्हा करत होतो. टाकी चोवीस लिटरची, फेरी चव्वेचाळीस किलोमीटरची, बोट दामटलेली नाही, अगदी बेताने चालवलेली. मग पेट्रोल गेलं कुठे?

ह्या प्रश्नाचं उत्तर मिळायला आम्हाला पुढचे तीन महिने लागले. छोटी पेट्रोल बोट वापरणारं कुणी हे वाचत असेल, मग ती मासेमारीसाठी असो, बचावकार्यासाठी असो किंवा आमच्यासारखी पाण्याचे नमुने घ्यायला असो, तर त्यांचे तीन महिने वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी आमच्याबद्दल थोडं. मी पुण्यात शाळेत विज्ञान शिकवते. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत जातं आणि भीमेतून उजनीत. ते तिथे पोहोचल्यावर पाण्याचं काय होतं हे आपणच बघायला हवं, ह्या कळकळीतून आम्ही काही जण महिन्यातून एकदा तिथे जातो. सहा ठिकाणी थांबून पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन, सामू आणि पारदर्शकता मोजतो. २०२३ मध्ये तिघांनी मिळून एक जुनी बोट घेतली, ट्रेलरसकट तीन लाख चाळीस हजारांना. साडेसोळा फुटी फायबरची, तळ व्ही आकाराचा, मागे चाळीस हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. सोलापूर रस्त्याने भिगवण ओलांडलं की पळसदेवच्या बाजूला तात्यांच्या शेताच्या कडेला ती असते. तात्या जन्मापासून ह्या पाण्यावर आहेत. खरं तर पाणी यायच्या आधीपासून, कारण त्यांचं लहानपणचं घर आज धरणाच्या तळाशी आहे.

आम्ही बोट नेहमी १६-१७ च्या वेगाने चालवायचो. किलोमीटर, ताशी. त्यामागचा विचार तुमच्याही ओळखीचा असेल: जोरात पळवली तर पेट्रोल खाते, अगदी हळू नेली तर दिवस जातो, तर मधला वेग धरावा. स्कूटरवर हे चालतं. पाण्यावर नेमकी हीच मधली जागा सगळ्यात महाग पडते, हे आम्हाला माहीत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मी वाचायला बसले. माझ्या समजुतीप्रमाणे मुद्दा असा आहे. बोट हळू चालते तेव्हा ती पाणी बाजूला सारत जाते आणि स्वतःची एक लाट तयार करते. वेग वाढतो तशी ही लाट लांब होत जाते. लाटेची लांबी बोटीच्या लांबीएवढी झाली की बोट आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते. पुढे लाटेचा चढ, मागचा भाग खाली. ह्या वेगाचा एक ढोबळ हिशोब आहे: पाण्यालगतच्या लांबीचं फुटांमध्ये वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं, उत्तर नॉटमध्ये येतं. आमची पाण्यालगतची लांबी साडेचौदा फूट, वर्गमूळ ३.८, म्हणजे ५.१ नॉट. एक नॉट म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा ताशी साधारण साडेनऊ किलोमीटर. ह्याच्या पुढे जायचं तर बोटीला तो चढ चढून पाण्याच्या वर यावं लागतं, तळावर सरकत जावं लागतं. सपाट आणि व्ही तळाच्या बोटी त्यासाठीच बनवलेल्या असतात. एकदा वर आली की ओढ कमी होते आणि तेवढ्याच पेट्रोलमध्ये जास्त अंतर कापलं जातं. चढ आणि सरकणं ह्यांच्या मधल्या जागेत मात्र इंजिन जीव काढतं आणि बोट नाक वर करून पाणी फोडत बसते. आमचे १६-१७ बरोबर तिथेच होते.

वाचून कळलं, पण आपल्या बोटीचा आकडा वाचून कळत नाही. वजन वेगळं, पंखा वेगळा, तळ वेगळा. मोजायलाच हवं होतं.

मोजायचं म्हणजे आधी कागद आले. देशातल्या नद्या आणि जलाशयांमधल्या यांत्रिक बोटींना आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू आहे, त्याआधी १९१७ चा होता. आमची नोंदणी आणि तपासणीचं प्रमाणपत्र होतं, विमा होता. जलाशयात बोट चालवायच्या परवानगीची मुदत मात्र डिसेंबरअखेर संपत होती. नूतनीकरणाचा अर्ज २५ नोव्हेंबरला दिला आणि त्यात प्रामाणिकपणे प्रयोजन लिहिलं: ‘पाण्याचे नमुने घेणे व बोटीची वेगचाचणी’. अकरा दिवसांनी अर्ज परत आला. ‘वेगचाचणी’ वाचून तिथल्या साहेबांना शर्यतीची शंका आली होती. मी स्वतः जाऊन समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ‘इंधन-वापर मापन’ असं लिहून आणायला सांगितलं. सोबत लाइफ जॅकेटची संख्या, अग्निशामक नळकांडं, बोट चालवणाऱ्याचा दाखला आणि कुठल्या पट्ट्यात मोजणार त्याचा हाताने काढलेला नकाशा. नकाशा जोडल्यावर काम झटकन झालं. तुम्ही गेलात तर नकाशा पहिल्याच दिवशी जोडा.

दुसरी अडचण पेट्रोल नेण्याची. नोव्हेंबरात निवडणुकीची आचारसंहिता होती आणि महामार्गावर जागोजागी नाकाबंदी. आमच्या गाडीत प्लॅस्टिकचे दोन कॅन पाहून पोलिसांनी आम्हाला बाजूला घेतलं. त्यांचं बरोबरच होतं. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं तीस लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना बाळगता येतं, पण ते घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, आणि एक डबा पंचवीस लिटरपेक्षा मोठा नको. त्यानंतर वीस लिटरचा लोखंडी जेरीकॅन घेतला, साडेचौदाशे रुपयांना. सोबत बोटीच्या नोंदणीची झेरॉक्स ठेवते. पंपावरही ती दाखवली की वाद होत नाही.

पहिली मोजणी ८ डिसेंबरला, आणि ती पूर्ण वाया गेली. आम्ही टाकीत पट्टी बुडवून पेट्रोलची पातळी मोजत होतो. टाकी पसरट, बोट हलणारी, एका मिलिमीटरच्या फरकात पाव लिटर इकडचा तिकडे. शिवाय बोटीवरचा स्पीडोमीटर १२ दाखवायचा तेव्हा मोबाइलवरचं जीपीएस १५ दाखवायचं. मागून पाहिलं तर स्पीडोमीटरच्या नळीच्या तोंडात चिखल बसला होता. आणि सगळ्यात मोठी चूक तात्यांनी दाखवली. आम्ही काठाला धरून, सोयीच्या पट्ट्यात पळत होतो. तात्या होडीतून बघत होते. जवळ आले, दोरीला बांधलेला दगड पाण्यात सोडला, लगेच वर ओढला आणि ओला भाग हाताने मापून दाखवला. पुरुषभर पाणी.

“ताई, हितं तळ वर हाय. बोट तळाला घाबरती. त्या वाळक्या बाभळीच्या सरळ रेषेत जुन्या नदीची धार हाय, तितं चालवा.”

बोट तळाला घाबरते, हे ऐकून मी घरी येऊन हिशोब केला. उथळ पाण्यात लाटेच्या वेगाला मर्यादा असते. खोलीला गुरुत्वाकर्षणाच्या ९.८ ने गुणून वर्गमूळ काढलं की ती मिळते, सेकंदाला इतके मीटर अशी. दोन मीटर खोलीला उत्तर येतं ताशी १६ किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाजवळ पाण्याची ओढ एकदम वाढते. म्हणजे आमच्या मधल्या वेगाला उथळ पाण्याचीही जोड मिळत होती. ज्या गोष्टीला मला वही-पेन लागलं ती तात्यांना दगड-दोरीने ठाऊक होती. त्या दिवसापासून ते प्रत्येक मोजणीला आमच्या बोटीत होते.

घरी बसून पद्धत बदलली. लिटर मोजायचं सोडून वजन करायचं ठरवलं. बोहरी आळीत साडेसहाशेला टांगायचा डिजिटल काटा घेतला. टाकीच्या नळीत एक पितळी थ्री-वे व्हॉल्व्ह बसवला, चारशे ऐंशी रुपये. त्याच्या एका बाजूला नेहमीची टाकी, दुसऱ्या बाजूला पाच लिटरचा छोटा धातूचा डबा. बोट नेहमीच्या टाकीवर चालवत ठरलेल्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) स्थिर करायची, पहिल्या खुणेला व्हॉल्व्ह फिरवून डब्यावर घ्यायची, दोन किलोमीटर सरळ जायचं, दुसऱ्या खुणेला पुन्हा टाकीवर. वळायचं, आणि तेच उलट दिशेने. दोन्ही दिशा का? वारा. जाताना मदत करतो, येताना अडवतो, सरासरी काढली की बराचसा फिटतो. मग काठाला येऊन डबा तोलायचा. जेवढं वजन घटलं तेवढं पेट्रोल जळलं. लिटरमध्ये आणायला त्याच दिवशीचं एक लिटर पेट्रोल शाळेच्या मोजपात्रात मोजून तोललं, ते भरलं ७४५ ग्रॅम.

एक सांगायलाच हवं. डबा उघडणं, नळी काढणं हे फक्त मोकळ्या हवेत, इंजिन बंद करून, आणि आसपास कुणाच्या हातात विडी नाही हे बघून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचून राहते. दादाने ह्या बाबतीत एकदाही सवलत दिली नाही आणि मला त्याचं बरं वाटलं.

२२ डिसेंबर, रविवार. पुण्यातून पहाटे साडेतीनला निघालो. मच्छीमार पहाटे जाळी उचलतात, त्यामुळे साडेसातच्या आधी पाण्यात शिरायचं नाही असं ठरलं होतं. प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे तरंगते खुणेचे बोळे अंधुक उजेडात दिसत नाहीत आणि एखाद्याचं जाळं पंख्यात गेलं तर त्याच्या महिन्याच्या कमाईवर घाव. दहानंतर वारा सुटतो. म्हणजे हातात अडीच तास. पक्षी असलेल्या उथळ भागाकडे तर आम्ही फिरकतच नाही, हिवाळ्यात तिकडे रोहित उतरलेले असतात.

टांगता काटा काठावरच्या वाऱ्यात डोलत राहिला, आकडा ठरेना. शेवटी तात्या डबा उचलून मासळी तोलायच्या शेडमध्ये गेले. तिथला इलेक्ट्रॉनिक काटा दहा ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवतो, चिलापी आणि कटला त्यावरच विकले जातात. काट्याच्या ताटात माशांचे खवले चिकटलेले, त्यावर आमचा डबा, आणि बाजूला व्यापारी कौतुकाने बघत उभे. पुढच्या सगळ्या मोजण्या त्याच काट्यावर झाल्या. बोहरी आळीचा काटा आता घरात प्रवासाच्या बॅगा तोलायला आहे.

तिघे बोटीत, सामानासकट एकूण वजन सातशे वीस किलोच्या आसपास. हजार आरपीएमला बोट ताशी साडेपाच किलोमीटर चालली आणि लिटरला साडेचार किलोमीटर गेली. ही एक फेरी करायला चव्वेचाळीस मिनिटं लागली, तात्या तेवढ्यात एक डुलकी काढून उठले. दोन हजारला वेग साडेनऊ, लिटरला ३.२. अडीच हजारला वेग १२, लिटरला २.६. आणि मग तीन हजार, आमचा नेहमीचा, समजूतदार वाटणारा वेग: साडेपंधरा किलोमीटर आणि लिटरला फक्त २.३. मी दोनदा वजन करून घेतलं. ताशी जवळपास पावणेसात लिटर जळत होतं.

त्या वेगाला बोट कशी दिसते ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. पुढचं टोक इतकं वर की सुकाणूवरून समोरचं पाणी दिसत नाही, नुसतं आकाश. मागे वळून पाहिलं तर आपल्यामागे पाण्याचा एक मोठा खळगा आणि त्यामागे उभी राहिलेली, आपला पाठलाग करणारी लाट. लांबून ती लाट पाहून काठावरची मुलं हात हलवायची. ते सगळं आमचं पेट्रोल होतं, लिटरमागे एकशे चार रुपयांचं.

दादाने थ्रॉटल पुढे ढकलला. साडेतीन हजारच्या जरा आधी बोटीचं नाक हळूच खाली आलं, क्षितिज दिसायला लागलं, इंजिनाचा आवाज सुटा झाला आणि मागचा खळगा सपाट होऊन त्याजागी पांढऱ्या फेसाची एक पट्टी उरली. ताशी २३, लिटरला २.९. चार हजारला साडेएकोणतीस, लिटरला ३.३. साडेचार हजारला ३४ आणि ३.२. पाच हजारला ३९, २.९. पूर्ण थ्रॉटलला इंजिन ५३०० च्या पुढे गेलंच नाही. वेग ४१, लिटरला २.६.

हे आकडे वहीत एकाखाली एक लिहिले तेव्हा मला बराच वेळ काही सुचलं नाही. पूर्ण जोरात पळवलेली बोटसुद्धा आमच्या ‘बेताच्या’ वेगापेक्षा लिटरला जास्त अंतर कापत होती. आणि १६ नोव्हेंबरला पेट्रोल संपत आलंय असं वाटल्यावर आम्ही काय केलं होतं? थ्रॉटल थोडा मागे घेतला होता. तीन हजारवरून अडीच हजारवर. तेव्हाच हजारवर आणून ताशी साडेपाचने गेलो असतो, तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये जवळजवळ पावणेदोन पट अंतर मिळालं असतं आणि दीड किलोमीटर सहज निभलं असतं. उशीर झाला असता, पण आपल्या इंजिनाने काठाला लागलो असतो. त्या मुलाच्या वल्हवून लाल झालेल्या तळहातांची आठवण आली आणि फार वाईट वाटलं.

आता दुसरा प्रश्न. असं इंजिन पूर्ण थ्रॉटलला साडेपाच-सहा हजारपर्यंत जायला हवं. आमचं ५३०० वर का अडत होतं? पंख्याची घसर, म्हणजे हिशोबापेक्षा बोट किती कमी पुढे जाते, ती काढून पाहिली. पंख्याचा पिच बारा इंच, म्हणजे लोण्यातून फिरावा तसा तो फिरला तर एका फेऱ्यात बारा इंच पुढे जाईल. गिअर दोनास एक, तेव्हा चार हजार आरपीएमला पंखा दोन हजार फेरे घेतो, हिशोबाने ताशी साडेछत्तीस किलोमीटर व्हायला हवेत. आम्हाला मिळत होते साडेएकोणतीस. जवळजवळ वीस टक्के घसर. दहा ते वीसमध्ये असते म्हणतात, पण आमची वरच्या टोकाला होती. तीन हजारला तर त्रेचाळीस टक्के, म्हणजे पंखा जागच्या जागी पाणी घुसळत होता.

बोट ट्रेलरवर ओढून काढली. एका पात्याची कड नखाएवढी वळलेली होती, बहुतेक बुडालेल्या एखाद्या दगडी बांधाला लागून. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ उघडं पडतं. पाणी भरलेलं असताना असे कितीतरी बांध आणि भिंती दोन-चार हातांवर लपलेल्या असतात. तळावर शेवाळाचा बुळबुळीत थर होता. दादाने बोटाने रेघ ओढली तर खालचा पांढरा रंग दिसला.

पंखा दुरुस्तीचं प्रकरण लांबलं. पहिल्या ठिकाणी ठोकून सरळ करून दिला, पण पात्याचा घाट बिघडला. बोट पाचशे मीटर नेली तर सगळी थरथरायला लागली. हजार रुपये आणि दहा दिवस वाया. मग भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तिन्ही पाती साच्यावर जुळवून, अॅल्युमिनियमची भर घालून, घासून, तोल साधून दिली. अठ्ठावीसशे रुपये लागले. संक्रांतीच्या सुट्टीमुळे तिथेही आठवडा गेला. तुम्ही पंखा दुरुस्तीला दिलात तर आधी विचारा, तिन्ही पात्यांचा पिच मोजून देणार का. ‘सरळ करून देतो’ एवढंच उत्तर आलं तर पुढे चला.

ह्याच काळात इंधनाच्या फिल्टरच्या भांड्यात तळाशी पाण्याचा थेंब दिसला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. आमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत तर दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलं आहे. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला, बावीसशे रुपये. टाकीत दोन आठवड्यांपेक्षा जास्त पेट्रोल ठेवत नाही, उरलेलं गाडीत घालतो.

२६ जानेवारी. शाळेत झेंडावंदन असल्यामुळे मला जाता आलं नाही, दादा आणि तात्यांनी मोजलं. साडेदहाला दादाचा फोन.

“अगं, बत्तीस!”

“कितीला?”

“चार हजारलाच. आणि लिटरला ३.७. तात्यांनी तीनदा तोलायला लावलं.”

मागून तात्यांचा आवाज: “ताईला सांगा, आता नाक बी लवकर खाली येतंय.” घासलेला तळ आणि सरळ केलेला पंखा, दोन्ही मिळून लिटरला चारशे मीटर. पूर्ण थ्रॉटलला इंजिन आता ५६०० ला जात होतं.

९ फेब्रुवारीला वजन आणि ट्रिम. बॅटरी आणि बर्फाची पेटी आजवर मागे, इंजिनाजवळ होती, कारण तिथे सोयीची होती. ती पुढे नेली. आधी बोट २३ च्या खाली आली की पुन्हा नाक वर करायची. आता २१ पर्यंत सपाट राहते. पाण्यावर लाटा असतील आणि बत्तीसने आपटायला होत असेल तर हे फार कामाचं आहे, वेग कमी करूनही बोट त्या महाग जागेत उतरत नाही. ट्रिम म्हणजे इंजिनाचा कल. सुटताना इंजिन पूर्ण आत, म्हणजे नाक दाबलं जाऊन बोट लवकर वर येते. मग बटण अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने दाबत बाहेर. दर दाबाला जीपीएसवरचा वेग बघायचा. थ्रॉटलला हात न लावता वेग ३२ चा ३४ झाला. अजून एकदा दाबलं तर बोट नाकाने ठोके घ्यायला लागली. तात्या म्हणाले, “आता मान डोलावती, मागं घ्या.” एक दाब मागे घेतला, तीच जागा. लिटरला ३.९.

पाच माणसं बसवून मोजलं तेव्हा आकडे पुन्हा बदलले. सगळ्यात किफायतीचा वेग तोच, तिशीच्या थोडा वर, पण लिटरला ३.३ आणि चार हजारऐवजी ४३०० आरपीएम. म्हणून आम्ही आरपीएम लक्षात ठेवत नाही, जीपीएसवरचा वेग आणि मागचं पाणी बघतो. मागे खळगा दिसला की चुकतंय.

सगळ्या मोजण्यांत ४१ लिटर पेट्रोल गेलं, साधारण ४,२६० रुपये. पुणे-पळसदेव खेपांचा गाडीखर्च वेगळा. त्यातला निम्मा मी वर्षभराच्या शिकवणीच्या पैशांतून काढला आणि घरी सांगताना जरा जड गेलं. पूर्वी तीन माणसांच्या फेरीला जवळपास एकोणीस लिटर लागायचे.

२३ फेब्रुवारी २०२५ ला सहा थांब्यांची नेहमीची फेरी केली, चव्वेचाळीस किलोमीटर. प्रत्येक थांब्यानंतर बोट पुन्हा पाण्यावर आणायला पेट्रोल लागतं, जाळ्यांच्या पट्ट्यांत मुद्दाम हजार आरपीएमवर उतरतो, त्यामुळे सरळ पट्ट्यातला ३.९ चा आकडा पूर्ण फेरीत मिळत नाही हे गृहीत होतं. परत येऊन टाकी शेडमध्ये नेली आणि काट्यावर ठेवली. १२.४ लिटर लागले होते. अकरा लिटरहून जास्त शिल्लक. दादाने थ्रॉटलच्या शेजारी पांढऱ्या रंगाने दोन ओळी लिहिल्या आहेत: ‘पेट्रोल असेल तर ३२. संपत आलं तर ५.५.’ तात्यांच्या पुतण्याने त्या वाचल्या आणि विचारलं, मी पत्र्याच्या होडीला छोटं इंजिन लावलं तर माझा आकडा किती येईल? मे महिन्यात पाणी उतरायच्या आत त्याच्या होडीची पाण्यालगतची लांबी मोजायची ठरली आहे. थ्री-वे व्हॉल्व्ह आणि छोटा डबा मी त्याच्याकडेच ठेवून आले.